धुक्यातला जावई

सकाळी अंगण सारवून रतनबाई मागे वळली, तर ओल्या शेणावर दोन लाल थेंब पडले होते. घरात सून नव्हती, लेक सासरी नांदत होती, आणि रतनबाईचं स्वतःचं सारं कधीच सरलं होतं. उरली कुत्री, काजळी. ती उंबऱ्यापाशी बसून मन लावून स्वतःला चाटत होती. रतनबाईने हातातला बोळा बादलीत टाकला आणि ओट्यावर बसलेल्या नवऱ्याला सांगितलं, "अवं, ऐकलं का? काजळी बाजूला बसली."

हौशीराम जागा होता; पण त्याचं जागं असणं आणि इतरांचं झोपणं यात फारसा फरक नसे. श्रावणाचे दिवस, भाताची लावणी आटोपलेली, समोरच्या डोंगरावर धुक्याचा पडदा. त्या पडद्यावर हौशीरामला जे हवं ते दिसायचं. कधी खाचरात डोक्याएवढं वाढलेलं आंबेमोहर, कधी काल मेलेला बैल जिवंत होऊन चालत आलेला. त्या घडीला त्याला चार पिल्लं दिसत होती, काळी, भुवयांवर पिवळे ठिपके असलेली. म्हणून बायकोचे शब्द ऐकून तो दचकला नाही. धुक्यातून कुणीतरी उत्तर दिलं असंच त्याला वाटलं.

काजळीसारखी कुत्री औंढ्यात, अख्ख्या गावात, दुसरी नव्हती, हे हौशीराम सांगे आणि रानडुकरांनाही ते मान्य असावं. भात पोटरीला आलं की गावातले सगळे माळ्यावर रात्री जागवत; हौशीराम तेवढा घोरत पडे, कारण खाली काजळी असे. अशा कुत्रीला नवरा कसा मिळावा? दर वर्षी श्रावण लागला की हौशीराम तिला गोठ्यात बांधायचा आणि काठी घेऊन दारात बसायचा. गावातली सगळी स्थळं त्याने नाकारली होती. एकाचं शेपूट वाकडं. दुसरा कोंबड्या मारायचा. कामशेतच्या दत्तोबा तांदूळवाल्याचा कुत्रा दिसायला राजबिंडा, पण इतका सुटलेला की भुंकायचं झालं तर आधी खाली बसून घ्यायचा. असं करता करता वर्षं गेली. या पावसाळ्यात हौशीरामने पाहिलं, तर काजळीचं तोंड पांढरं झालं होतं आणि घाटाचा चढ चढताना ती मध्येच थांबून मागे बघत होती.

त्या दिवशी काजळी जाणार हे त्याला कळलं, आणि ती जाताना मागे काहीच ठेवणार नाही, हेही. दोष कुणाचा, तर त्याचाच. यंदा पिल्लू झालं तर झालं. पुढच्या वर्षी तिचं अंग साथ देईल, असं कुणी सांगितलं नव्हतं.

स्थळ सुचवलं कोंडाजीने. कोंडाजी हौशीरामचा लांबचा चुलतभाऊ, लोणावळ्याला लीलाबाईंच्या बंगल्यावर माळी. लीलाबाईंचे यजमान रेल्वेत मोठ्या हुद्द्यावर होते. विलायतेला परत जाणाऱ्या एका साहेबाने जाताना आपला कुत्रा त्यांना देऊन टाकला, तो मेजर. तपकिरी रंग, लोंबते कान, आणि चालणं असं की बाजारातली माणसं त्याला वाट करून देत. यजमान वारले. मेजर राहिला, आणि तो त्यांच्याच खुर्चीशेजारी, त्यांच्याच वेळेला येऊन बसायचा. लीलाबाई कोंडाजीला एकदा म्हणाल्या होत्या, मेजरचा वंश राहिला तर घरात ह्यांचं काहीतरी राहिल्यासारखं होईल. त्यामुळे हौशीराम पागोटं बांधून बंगल्यावर गेला, तेव्हा बोलणी फार लांबली नाहीत. पहिलं पिल्लू निवडण्याचा मान लीलाबाईंचा, एवढीच अट. वेळ आली की काजळीला घेऊन या, असं ठरलं. वेळ म्हणजे नेमकी कोणती, हे कुणी कुणाला विचारलं नाही. ज्याला त्याला वाटलं, दुसऱ्याला ठाऊक असणार.

आता वेळ आली होती, आणि ती रतनबाईच्या हातात होती. तिने त्या बाबतीत घरची रीत पाळली. चार दिवस काजळी गोठ्याच्या कोपऱ्यात, गोणपाटावर. तिला वेगळी करवंटी. तिला कुणी शिवायचं नाही. काजळीला यातलं काहीच कळेना. ती उंबऱ्यापर्यंत यायची आणि रतनबाई हाताने हवा मारून तिला परत पाठवायची. हौशीराम दुपारी हळूच जाऊन तिच्या कानामागे खाजवून यायचा. ते उघडकीला आलं, आणि भर पावसात त्याला विहिरीवर आंघोळ करावी लागली. पाचव्या दिवशी रतनबाईने चुलीवर पाणी तापवलं, काजळीला शिकेकाई लावून न्हाऊ घातलं, अंगाला हळद चोळली, गळ्यात झेंडूच्या दोन फुलांचा दोरा बांधला. ती आता चोख झाली, असं तिने नवऱ्याला सांगितलं. हौशीरामने गाडी जुंपली, वर घोंगडं टाकलं, आणि वधूला घेऊन वऱ्हाड लोणावळ्याला निघालं.

मेजर बागेत उभाच होता. तो मोठ्या आदबीने पुढे आला, काजळीच्या मागे नाक नेलं आणि फटाफट शिंकला. हळद त्याच्या नाकात गेली असावी. तो मागे सरला, पंजाने नाक पुसलं, आणि साहेबाच्या घरी वाढलेला असल्यामुळे पुन्हा एकदा तितक्याच आदबीने पुढे आला. या वेळी काजळीने मान वळवून त्याच्या नाकाचा असा चावा घेतला की मेजर किंचाळत पायऱ्या चढून घरात पळाला. लीलाबाईंनी त्याच्या नाकाला औषध लावलं. बाहेर येऊन त्यांनी काजळीकडे पाहिलं, मग हौशीरामकडे, आणि चहाचं विचारायचं त्या विसरल्या.

"बाईसाहेब, तिची वेळ न्हाई आली अजून," कोंडाजी म्हणाला.

कोंडाजीला यातलं काही कळत होतं अशातला भाग नाही. पण आपण आणलेल्या स्थळाने मालकिणीच्या कुत्र्याचं नाक फोडलं, तेव्हा काहीतरी बोलणं त्याला भागच होतं. हौशीरामने विचारलं, मग वेळ येणार कधी? कोंडाजीने आभाळाकडे पाहिलं आणि सांगितलं, येईल.

परतीच्या वाटेवर रतनबाई म्हणाली की मुलगा पसंत नसेल तिला. गावात पोचले तोवर बातमी पुढे गेली होती, आणि ज्याला त्याला कारण ठाऊक होतं. कुणी म्हणालं, अमावस्या होऊन जाऊ द्या. कुणी म्हणालं, विलायती कुत्र्याची भाषाच तिला कळली नसणार. हौशीरामला रात्रंदिवस एकच दिसत होतं, मेजरचं सुजलेलं नाक आणि त्याच्या मागे धुक्यात विरघळत चाललेली चार काळी पिल्लं.

काही दिवस असेच गेले. काजळीचं अंगावरून जाणं हळूहळू फिकट झालं, मांस धुतलेल्या पाण्यासारखं, आणि त्याबरोबर गावातल्या कुत्र्यांना काय झालं कुणास ठाऊक. कुंपणाबाहेर त्यांची सभा भरू लागली. वाकड्या शेपटाचा होता, कोंबड्या मारणारा होता, अनोळखीही होते. ते भांडत नव्हते. भिजत, शांत, आशेने बसून होते. आणि कालपर्यंत सगळ्यांवर गुरगुरणारी काजळी गोठ्यात बैलाच्या पायाशी पाठ लावून उभी राहिली आणि शेपूट एका अंगाला घेऊन तशीच थांबली. बैलाने वळून पाहिलं आणि पुन्हा रवंथ करू लागला.

हौशीराम ते पाहून उठला. आयुष्यात पहिल्यांदाच तो विचार न करता उठला असेल. रतनबाई पाणी तापवायला धावली, पण लाकडं ओली, चूल नुसती धुमसत राहिली. "तशीच पारोशी न्यायची?" असं ती म्हणेपर्यंत काजळी गाडीत होती. औंढ्याची सगळी कुत्री वेशीपर्यंत पोचवायला आली.

लोणावळ्यात त्या दिवशी असं धुकं होतं की बैलांना स्वतःची शिंगं दिसत नसावीत. बंगल्याचं फाटक हाताने चाचपून सापडलं. कोंडाजीने मेजरला पट्ट्याला धरून बागेत नेलं, काजळीला आत सोडलं, फाटकाला कडी घातली आणि तो व्हरांड्यात आला. मागोमाग धुकंही आलं. पायऱ्या दिसेनात, पायऱ्यांखालचं काहीच दिसेना. कुठूनतरी पाण्याचा ठिबठिब आवाज येत होता. ओल्या सोनचाफ्याचा वास येत होता. लीलाबाईंनी चहा दिला, या वेळी विसरल्या नाहीत. तिघंही पांढऱ्या भिंतीकडे बघत बसले. लीलाबाईंना गारठा लागला म्हणून त्या शाल आणायला आत गेल्या. बाहेर आल्या त्या खुर्चीच्या टोकावर बसल्या, शाल तशीच हातात धरून.

हौशीरामचं तर भानच हरपलं होतं. इतकं मोठं, इतकं पांढरं, सगळीकडून वेढणारं स्वप्न त्याने कधी पाहिलं नव्हतं. धुक्यात त्याला आता चार नाही, सात पिल्लं दिसत होती. ती भुवयांवरचे पिवळे ठिपके घेऊन सोनचाफ्याखालून पळत होती आणि त्यांच्या मागे तरुण झालेली काजळी पळत होती. त्याचे डोळे मिटले ते कप बशीवर कलंडला तेव्हाच उघडले.

धुकं विरळ झालं होतं. झाडाखाली काजळी अंगाचं वेटोळं करून निवांत झोपली होती. लीलाबाईंनी घाईघाईने मेजरला हाक मारली, आणि तो घराच्या बाजूने, दव झटकत, जरा ओशाळून आला. कोंडाजीने काजळीभोवतालचं चुरगळलेलं गवत निरखून पाहिलं आणि "झालं," म्हणून सांगितलं. हौशीरामने लीलाबाईंकडे पाहिलं.

"झालंच असेल," त्या म्हणाल्या.

घरी आल्यावर हौशीरामने काजळीला पुन्हा गोठ्यात बांधलं आणि काठी घेऊन दारात बसला. कुंपणाबाहेरची सभा आणखी काही दिवस भरली, मग एकेक करून कुत्री उठून गेली. एकालाही आत पाऊल टाकू दिलं नव्हतं, याची तो शपथ घ्यायला तयार होता.

भाद्रपदात काजळीचं पोट सुटलं. ती मंदावली, अन्न हुंगून सोडून द्यायची आणि मध्येच उठून गूळ मागायची. रतनबाईने तिचे डोहाळे पुरवले. आळीतल्या बायका येऊन बघून गेल्या आणि मुलगे किती, मुली किती यावर वाद घालून गेल्या. कोंडाजीने बातमी बंगल्यावर नेली, तेव्हा लीलाबाईंनी त्याला दोनदा विचारलं, "खरंच का रे?" आणि मग बिस्किटांचा एक डबा पाठवून दिला. सोबत निरोप काही नव्हता.

हौशीराम या दिवसांत जमिनीवर चालत नव्हता. बाजाराला कामशेतला गेला, तर दत्तोबा तांदूळवाल्याने सहज चौकशी केली, आणि हौशीरामने त्याला एक पिल्लू देऊन टाकलं. सोमाटण्याहून मेहुणा नथू आला, त्याला एक दिलं. ज्याने विचारलं त्याला दिलं, एक-दोघांना न विचारताही दिलं. धुक्यात पिल्लांना तोटा नव्हता. "अवं, ती पोटात हायेत अजून," रतनबाई म्हणायची. पण तिनेही गुपचूप जुन्या लुगड्याचे चार तुकडे बाळंतिणीसाठी बाजूला काढून ठेवले होते.

आश्विन आला. भात पिवळं पडू लागलं. काजळीच्या अंगावर दूध दाटलं, तिने गोठ्याच्या कोपऱ्यात गवत उकरून खळगा केला, आणि एका सकाळी हौशीरामचं लाल मुंडासं खुंटीवरून ओढून त्या खळग्यात नेलं. त्याने ते मोठ्या अभिमानाने सोडून दिलं. मुंडाशाशिवाय बोडक्या डोक्याने तो गावभर हिंडला आणि विचारणाऱ्याला कारण सांगत सुटला. काजळी खळग्यातून उठेना. कुणी जवळ गेलं की गुरगुरायची. कोपऱ्यातून चाटण्याचा आवाज यायचा, अखंड, मायेचा. सगळे म्हणाले, झाली असणार. बाळंतिणीला त्रास देऊ नका.

हौशीरामने धीर धरला. मग धरवेना. काजळी पाणी प्यायला उठली, तेव्हा त्याने गवतात हात घातला. हाताला ओलं, ऊबदार लागलं. त्याने ते उचलून पाहिलं. ते मुंडासं होतं, चाटून चाटून चिंब झालेलं. खाली गवत, गवताखाली जमीन. आणखी काही नव्हतं.

काजळी परत आली. तिने त्याच्या हातातून मुंडासं अलगद दातांत धरून घेतलं, खळग्यात ठेवलं, त्याच्याभोवती अंग वळवलं आणि पुन्हा चाटू लागली. तिचं पोट रिकामं होतं. तिला दिवस गेलेच नव्हते. तिला स्वप्न पडलं होतं, आणि हौशीरामची स्वप्नं डोळ्यांत राहत, तसं तिचं राहिलं नाही. ते अंगात उतरलं आणि त्याला दूध फुटलं. हौशीराम गोठ्याच्या जमिनीवर बसला आणि त्याला रडू आलं. रतनबाई शोधत आली. तिने मुंडासं पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं. एरवी तिने त्याला आठ दिवस चिडवलं असतं. त्या दिवशी ती नुसती त्याच्या शेजारी बसून राहिली.

हे कुणाला सांगायचं कसं, हा प्रश्न होता. लीलाबाईंना काय तोंड दाखवायचं? दत्तोबाला? नथूला? दोघांनी मिळून ठरवलं की आज नको, उद्या सांगू. असे दोन-तीन उद्या गेले. तेवढ्यात एका दुपारी डोंगराच्या वाडीवरचा नवशा अंगणात आला. त्याच्या डोक्यावर पाटी, पाटीवर घोंगडीचा तुकडा. काजळी व्याली, हे वाडीपर्यंत पोचलं होतं.

"आबा, माजी कुत्री वाघरानं नेली," नवशा म्हणाला. "ही दोन हायेत. डोळं बी उगडलं न्हाईत. काजळीच्या पिल्लांत लावून बगा. जगली तर तुमची."

हौशीराम ओट्यावरून हलला नाही. त्याने विचारलं, यांचा बाप कोण? नवशाने जरा आठवून पाहिलं आणि सांगितलं की वाडीवर कुत्री पुष्कळ आहेत. हौशीरामने मान हलवली. आयुष्यभर काठी घेऊन दारात बसलेला माणूस तो. नाही म्हणायला त्याने तोंड उघडलं होतं. पण पाटीत काहीतरी कुईकुई करत होतं, आणि गोठ्यातलं चाटणं थांबलं होतं. काजळी दारात उभी होती. ती कुणाकडे न बघता चालत आली, पाटीत मान घातली, एक पिल्लू मानेला धरून उचललं आणि गोठ्यात नेलं. मग दुसरं नेलं. हौशीरामचं नाही म्हणणं तोंडातच राहिलं. त्याने जाऊन पाहिलं, तर मुंडासं एका अंगाला सारलेलं होतं आणि दोन्ही पिल्लं पीत होती.

रतनबाईने शेजारी एवढंच सांगितलं की दोन आहेत. त्यात खोटं काही नव्हतं. संध्याकाळपर्यंत ते लोणावळ्याला आणि कामशेतला पोचलं. दत्तोबाने विचारायला माणूस पाठवला, नथूने निरोप धाडला, आणि हौशीराम एकेकाला सांगू लागला की पहिला मान बाईसाहेबांचा, मग बघू. पिल्लांचे डोळे उघडले. एक बांडं, एक पिवळं. पिवळं पडत-धडपडत हौशीरामच्या पायावर चढायचं आणि तिथेच झोपायचं. तो मग तासन्‌तास पाय हलवत नसे. समोर डोंगर स्वच्छ दिसत होता, धुक्याचा मागमूस नव्हता, आणि त्याला त्या डोंगरावर काहीच दिसत नव्हतं. बघायची गरजच पडत नव्हती.

दिवाळी झाल्यावर टांगा आला. लीलाबाई उतरल्या, मागून कोंडाजी. रतनबाईने कोंडाजीला चुलीपाशी बसवून घेतलं. लीलाबाई गोठ्याच्या दारात, घोंगडीवर बसल्या आणि पिल्लांकडे बघू लागल्या. पिल्लांचे कान ताठ होते. मेजरशी त्यांचं कुठेही, काहीही जुळत नव्हतं. बाई बराच वेळ पाहत राहिल्या. त्या एखादं उचलणार, बहुतेक पिवळंच, हे हौशीरामला दिसत होतं. खोटं रेटून पिवळं देऊन टाकावं की खरं बोलून अब्रू घालवावी, हे ठरवायला त्याला वेळ मिळाला नाही. तोंडच आपोआप उघडलं.

"बाईसाहेब, ही मेजरची न्हाईत."

लीलाबाईंचा हात थांबला. त्यांनी चुलीच्या दिशेला पाहिलं आणि आवाज खाली आणला. "कुणी सांगितलं तुम्हाला? कोंडाजीने?"

हौशीरामने गोंधळून नकाराची मान हलवली.

"मी शाल आणायला आत गेले होते ना, तेव्हा मेजर माझ्या खाटेखाली होता," त्या म्हणाल्या. "नाक पंजांत खुपसून. काजळीने चावल्यापासून त्याने धसकाच घेतला होता. मी बाहेर येऊन सांगायला हवं होतं. पण तुम्ही इतक्या आशेने बसला होता. आणि ह्यांचा कुत्रा घाबरला, हे माझ्या तोंडून निघेना. मग काजळीला दिवस गेल्याचं ऐकलं. म्हटलं, गावातला कुणी असेल. आपण गप्प राहावं. पहिलं पिल्लू आणावं आणि मेजरचं म्हणावं."

त्यांनी डोळ्यांना पदर लावला. हौशीरामला हसावं की काय करावं कळेना. मग त्याने आपली बाजू सांगितली. मुंडासं, नवशाची पाटी, सगळं. सांगून झाल्यावर तो म्हणाला, "तवा गावातल्या बी कुनाची न्हाईत. आन काजळीचीबी न्हाईत."

काजळी अंग सैल सोडून पडली होती. तिला या बोलण्याशी काही घेणंदेणं नव्हतं.

"म्हणजे तुमचा शब्द सुटला," लीलाबाई शेवटी म्हणाल्या आणि उठल्या. दारात त्या थांबल्या. "पण हौशीराम, तुम्हाला तर काजळीच्या रक्ताचं हवं होतं. इतकी वर्षं चांगली चांगली स्थळं मोडलीत. मग ही कशाला सांभाळता? दत्तोबा मागतोय म्हणे, त्याला देऊन टाका दोन्ही."

हौशीरामने पिवळं पिल्लू पायावरून उचलून छातीशी घेतलं होतं, हे त्याच्या तेव्हा लक्षात आलं. त्याने काजळीकडे पाहिलं.

"तसं कसं, बाईसाहेब," तो म्हणाला. "काजळीनं चाटल्यात त्यास्नी. आता ती काजळीचीच."

लीलाबाई विचारात पडल्या. बाहेर टांग्याचा घोडा पाय आपटत होता.

"काजळीची आहेत, हे नक्की?"

"नक्की."

"मग काजळीला माझ्या बागेत कुणासाठी आणलं होतं? मेजरसाठीच ना?" त्या परत आल्या, घोंगडीवर बसल्या आणि बांडं पिल्लू उचलून मांडीवर घेतलं. "काजळीची असतील तर मेजरचीही झालीच."

हौशीरामला ते पटलं. त्याने मान डोलावली. बांडं पिल्लू अजून दूध पीत होतं, तेव्हा ते महिनाभर इथेच राहील आणि मग बंगल्यावर येईल, असं ठरलं. दत्तोबाला आणि नथूला काय सांगायचं तेही ठरलं, की दोनच झाली, काय करणार. रतनबाई चहा घेऊन आली, तेव्हा लीलाबाई पिल्लाचं तोंड उजेडाकडे वळवून निरखत होत्या.

"नाक मेजरवर गेलंय," त्या म्हणाल्या.

हौशीरामने वाकून पाहिलं. त्यालाही तसंच दिसलं. "व्हय," तो म्हणाला, "पर डोळं आईचं."

रतनबाईने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं, चहाचे कप त्यांच्यापुढे ठेवले आणि काजळीसाठी भाकरी कुस्करायला ती आत गेली.